रंग आम्ही बघत नाही, पण लेकीला तो रोज दाखवला जातो

बडोद्यातल्या एका आईने सल्ला विचारला आहे. मुलगी अकरा वर्षांची. सव्वा वर्षाची असताना गुजरातमधल्याच एका संस्थेतून रीतसर दत्तक घेतलेली. रंग गडद, केस घट्ट कुरळे. तिच्यानंतर घरात मुलगा झाला, तो आता सहा वर्षांचा, गोरा, अगदी वडिलांसारखा. शाळेत मुलीला ‘हबसी’ म्हणून चिडवतात. वाघोडिया रोडला अनोळखी माणसं ‘ही आफ्रिकेची का?’ असं विचारतात. घरात कधी भेद केला नाही, असं आई लिहिते. तरी मध्यंतरी मुलीने केस सरळ करून द्या म्हणून हट्ट धरला. समजावायला गेल्यावर ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणाली आणि खोलीचं दार लावून बसली. आता आई विचारते की आमचं कुठे चुकलं, सासूबाईंना कसं सांगायचं, आणि डिसेंबरात पुण्याला घरातलं लग्न आहे, त्याआधी केसांचं स्मूदनिंग करून द्यावं का.

ताई, मुलीच्या वाक्यापासून सुरुवात करू. ती रागात बोलली असेल, पण बोलली ते खरं आहे. तुम्ही आणि तुमचे यजमान मंगळ बाजारातून चालत जाता तेव्हा कुणी वळून बघत नाही. ती बरोबर असली की बघतात. आधी तिच्याकडे, मग तुमच्याकडे, मग परत तिच्याकडे. एखादी भाजीवाली सहज विचारते, ‘आ बेबी तमारी छे?’ धाकट्याबद्दल हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. तुम्ही हसून ‘हो, माझीच’ म्हणता आणि मेथीची जुडी पिशवीत टाकता. तुमच्यापुरता विषय संपतो. तिला मात्र आपण या घरच्या आहोत हे भर बाजारात पुन्हा एकदा सिद्ध करावं लागलेलं असतं, आणि तेही स्वतः एक शब्द न बोलता. हा अनुभव तुमच्या वाट्याला आलेला नाही. म्हणून ‘नाही कळणार’. त्याला ‘खरंय, मला ते तसं कळणार नाही, पण तू सांगशील तर मी ऐकेन’ एवढंच उत्तर आहे. बहुतेक घरांत याऐवजी ‘असं कसं म्हणतेस, मी तुझी आई आहे’ हे येतं, आणि बोलणं आईच्या दुखावलेल्या मनाकडे वळतं.

‘आमच्या घरात रंग बघत नाहीत’ हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दत्तक कुटुंबाने उच्चारलं आहे, आणि मनापासून उच्चारलं आहे. मूल तीन-चार वर्षांचं झालं की त्याला रंगातला फरक दिसतो. कुठल्या रंगाच्या माणसाशी लोक कसे वागतात, हे त्यानंतर थोड्याच काळात कळू लागतं. बालवाडीत ‘स्किन कलर दे ना’ म्हणून जो खडू मागितला जातो तो फिकट गुलाबीसर असतो. (अमेरिकेत क्रेयोला कंपनीने अशाच खडूचं ‘फ्लेश’ हे नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे मुलांच्या तोंडी अजून ‘स्किन कलर’ आहे.) मुलगी स्वतःचं चित्र काढते, चेहऱ्याला तो खडू लावते, आणि कुणी काही म्हणत नाही. अशा घरात रंगाबद्दल वाईट बोलत नाहीत आणि चांगलंही बोलत नाहीत, तो विषयच नसतो. मग बाहेर जे घडतं ते घरात कुठल्या शब्दांत आणायचं, हे तिला कळत नाही. शिवाय मुलं आईबापांना फार जपतात. ‘मी सांगितलं की आई रडते’ हे कारण मी इतक्या मुलांकडून ऐकलं आहे की आता पालकांना पहिल्याच भेटीत सांगते, रडायचं असेल तर नंतर रडा, ती झोपल्यावर.

परदेशात दुसऱ्या वंशाची मुलं दत्तक घेतलेली घरं दोन-तीन पिढ्यांपासून आहेत, त्यामुळे तिथली मुलं मोठी होऊन काय म्हणाली हे ऐकायला मिळतं. कोरियन युद्धानंतर, १९५३ पासून, दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुलं परदेशी दत्तक गेली. त्यांतली बहुतेक गोऱ्या घरांत वाढली. अमेरिकेतल्या इव्हान डोनाल्डसन दत्तक संस्थेने २००९ मध्ये प्रौढ दत्तक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोरियात जन्मलेल्यांपैकी ७८ टक्के लोकांनी सांगितलं की लहानपणी आम्ही स्वतःला गोरे समजायचो किंवा गोरे असतो तर बरं, असं वाटायचं. यांतली पुष्कळ मुलं प्रेमळ घरांत वाढली होती. आईबापांनी त्यांना ‘आपल्यासारखं’ मानलं, रस्त्याने मानलं नाही, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत मूल एकटं उभं राहिलं. तुमची मुलगी आज तिथेच उभी आहे. फरक एवढाच की तुम्ही गोऱ्या अमेरिकन नाही, बडोद्याचं मराठी कुटुंब आहात, आणि ‘वंशभेद म्हणजे तिकडचं काहीतरी’ असं मानायची आपल्याला सवय आहे.

त्याच अमेरिकेत १९७२ मध्ये कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, काळी मुलं गोऱ्या घरांत दत्तक देऊ नयेत, अशी ठाम भूमिका घेतली होती. पुढे १९९४ च्या कायद्याने, निव्वळ वंशाच्या कारणावरून मुलाचं दत्तक लांबवायला वा नाकारायला मनाई करण्याकडे पावलं टाकली. माझं मत विचाराल तर, दिसायला सारखं असेल तिथेच मूल द्यायचं हा हट्ट आपल्या देशात धरला तर कित्येक मुलं संस्थेतच वाढतील. पण १९७२ च्या त्या मंडळींनी जो इशारा दिला होता, की वर्णभेद कसा झेलायचा हे ज्यांनी तो कधी झेलला नाही ते आईबाप मुलाला कसं शिकवणार, त्याला अजून पुरतं उत्तर मिळालेलं नाही. ते उत्तर तुमच्यासारख्यांनाच घराघरात शोधावं लागतं.

आपल्या मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. दत्तक आपल्याला नवं नाही. बडोद्यात तर नाहीच. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावचा गोपाळराव दत्तक घेतला आणि तोच पुढे सयाजीराव महाराज झाला. पण तो गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतला होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, सगळ्या गाद्यांवर दत्तक बसले ते घराण्याचा, भाऊबंदकीचा हिशेब बघून. म्हणजे आपल्या डोक्यात दत्तकाची जी जुनी कल्पना आहे तिच्यात ‘कुळ कोणतं’ हा प्रश्न आधीपासून बसलेला आहे. आजचं दत्तक वेगळं आहे. कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, गृहअभ्यास म्हणजे घरी येऊन पाहणी होते, क्रमाने मुलाचं नाव येतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या जन्माच्या घराबद्दल काही माहीत नसतं. पूर्वी संस्था चेहरामोहरा जुळवून मूल सुचवत, ती पद्धतही मागे पडली. कायदा बदलला, नातेवाईक बदलले नाहीत. बारशाला आलेली एखादी मावशी पाळण्यात वाकून ‘रंग जरा सावळाच आहे, नाही?’ म्हणते तेव्हा तिच्या मनातला खरा प्रश्न पुष्कळदा जातीचा असतो. तो उघड विचारता येत नाही म्हणून रंगावर बोलते. परदेशात उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं गेलं. कमाटी बागेत जाल तेव्हा संकल्पभूमीवर, याच प्रसंगाच्या स्मारकापाशी, मुलीला ही गोष्ट जरूर सांगा. माणसाला आधी कुठल्या तरी गटात टाकायचं आणि मग त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवायचं, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदा घडत नाहीये, हे तिला कळायला हवं.

आता घरात काय करायचं ते. मी सगळ्यात जास्त इथेच बोलणार आहे, कारण शाळेतल्या चिडवण्यापेक्षा घरातलं बोलणं खोल जातं.

सासूबाई दर रविवारी तिला डाळीचं पीठ आणि साय लावतात असं तुम्ही लिहिलंय. ‘उन्हात खेळू नको, आणखी काळी होशील’, ‘नाकीडोळी नीटस आहे हो, रंगाचं काय एवढं’ हेही येतंच. नवरात्रात चणिया चोळी घेताना ‘तुला हा रंग नाही खुलणार’ असं आत्या म्हणाली. यात कुणालाच दुष्टपणा वाटत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेक मुली हे ऐकत वाढल्या. सावळ्या मराठी मुलीने हे ऐकलं की तिचा जीव दुखतो, पण ‘मी या घरची आहे का’ असा प्रश्न तिला पडत नाही. तुमच्या मुलीला पडतो. रंगावरचं प्रत्येक वाक्य तिला दोनदा लागतं. एकदा रंग म्हणून, आणि लगेच ‘म्हणजे मी यांच्यातली नाही’ म्हणून. ‘मलाही शाळेत चष्म्यावरून चिडवायचे’ ही तुलना म्हणूनच करू नका. चष्मा घातल्याने कुणी आपल्याला आईच्या कुशीतून बाहेर काढत नाही.

सासूबाईंशी बोलायचं काम तुमचं नाही, तुमच्या यजमानांचं आहे. याबाबतीत मी हट्टी आहे. सुनेने सांगितलं की ते सासू-सुनेचं होतं आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. मुलाने स्वतःच्या आईला शांतपणे, मुलीच्या देखत सांगायचं: ‘आई, तिच्या रंगावर आपल्या घरात शेरे मारायचे नाहीत. कौतुक म्हणूनही नाही आणि उपाय म्हणूनही नाही.’ मुलीच्या देखत याला महत्त्व आहे. नंतर एकांतात आईला समजावलं तर मुलीला ते कधीच कळत नाही, तिच्या लेखी बाबा गप्प बसले होते. भांडायची गरज नाही, स्पष्टीकरणही नको. एक वाक्य, पुन्हा बोलणं झालं तर पुन्हा तेच वाक्य. दहा वेळा म्हणावं लागेल.

आणि मग एखाद्या निवांत दुपारी आजींना त्यांची गोष्ट विचारा. दाखवण्याच्या कार्यक्रमांच्या काळातल्या आहेत त्या. किती जणींना ‘मुलगी उजळ नाही’ म्हणून नकार आले, कुणाच्या लग्नात रंगापायी हुंडा वाढला, हे त्या पिढीकडे भरपूर असतं आणि कुणी विचारलेलं नसतं. सायीचा हात फिरवणारी आजी बहुतेक वेळा नातीला त्याच अपमानापासून वाचवायला बघत असते. तिला उपदेश केला तर ती रागावते. तिचं ऐकून घेतलं आणि मग ‘तुम्हाला तेव्हा कुणी काय म्हणायला हवं होतं?’ एवढं विचारलं, तर पुष्कळ आज्या त्या दिवसापासून बदललेल्या मी पाहिल्या आहेत. सगळ्या नाही. ज्या बदलत नाहीत त्यांच्यासाठी वरचं एक वाक्य आहेच.

‘पुण्य केलंत हो’, ‘पोरीने नशीब काढलं’ हेही थांबवा. ऐकायला ही स्तुती वाटते. पण ज्या मुलीला सारखं सांगितलं जातं की तुझ्यावर उपकार झाले, ती तक्रार कशी करेल? शाळेत कुणी काही बोललं तर घरी सांगताना तिला कृतघ्न वाटतं. ‘नशीब आमचं निघालं’ असं गोड उत्तरही देऊ नका, तेही त्याच हिशेबाच्या वहीत जातं. ‘आम्हाला मूल हवं होतं, ती आली’, पुरे.

धाकट्याबद्दल. ‘हा अगदी बाबांवर गेलाय’ असं लोक म्हणणारच, आणि मुलगी तिथेच उभी असणार. याला बंदी घालता येत नाही, कारण मग तो विषय आणखी जड होतो. मात्र तिला खोटं सांगू नका. ‘अगं तूसुद्धा माझ्यासारखीच दिसतेस’ किंवा ‘तू कुठे काळी, तू तर गव्हाळ’ हे ऐकलं की ती समजते, आईला माझा खरा रंग उच्चारायचीसुद्धा भीती वाटते, म्हणजे तो वाईटच असणार. तिची त्वचा गडद आहे, केस घट्ट कुरळे आहेत, हे साध्या आवाजात म्हणता यायला हवं, जसं आपण ‘तुझी उंची वाढली’ म्हणतो. सारखेपणा जिथे खरोखर आहे तिथे दाखवा: ती आजोबांसारखी रुसते, तुमच्यासारखी भरभर बोलते, बाबांसारखं सगळं सामान शेवटच्या क्षणी भरते. माणूस घरच्यांवर असाही जातो. धाकट्याला एवढं शिकवा की ‘ही तुझी सख्खी बहीण नाही ना?’ असं कुणी विचारलं तर ‘माझी ताई आहे’ म्हणायचं आणि खेळायला लागायचं. तिच्या बचावाची जबाबदारी मात्र सहा वर्षांच्या मुलावर टाकू नका. गोऱ्या भावाने काळ्या बहिणीची वकिली करायची, असलं नातं दोघांनाही नको असतं.

ती काही सांगायला आली की सुरुवातीला चार गोष्टी तोंडातून निघू देऊ नका: ‘तू काय केलं होतंस?’, ‘दुर्लक्ष कर’, ‘त्यांना अक्कल नाही’, ‘तसं म्हणायचं नसेल त्यांना’. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्यात तुम्ही तिच्याऐवजी समोरच्याची बाजू मांडता. विचारा, ‘नेमकं काय म्हणाले? मग तू काय केलंस? आता मी काय करू, की फक्त ऐकू?’ बऱ्याचदा फक्त ऐकायचं असतं. मुलीच्या तोंडून ती शिवी पुन्हा ऐकताना तुमचा चेहरा पडला नाही, हेही तिला पुरतं.

‘हबसी’ म्हणणाऱ्या मुलांना आणि तुमच्या मुलीलाही एक इतिहास माहीत नसतो. पूर्व आफ्रिकेतून शतकानुशतकं गुलाम, खलाशी, सैनिक म्हणून आलेल्या माणसांचे वंशज, सिद्दी लोक, गुजरातेत आजही राहतात. गीरमध्ये तालालाजवळचं जांबूर हे त्यांचं गाव आहे, भरूच जिल्ह्यात रतनपूरला त्यांचे संत बावा गोर यांचा दर्गा आहे. जांबूरच्या सिद्दी समाजकार्यकर्त्या हिराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अहमदाबादला सिदी सैयद या हबशी सरदाराने बांधलेल्या मशिदीची जाळी तर सगळ्या गुजरातची ओळख आहे, ती १५७३ च्या सुमाराची. मराठी घरात मात्र सिद्दी म्हटलं की पन्हाळ्याचा वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिरा. मालिका बघताना, गोष्ट वाचताना तिच्यासारखा दिसणारा माणूस प्रत्येक वेळी शत्रूच्या बाजूला. १६६० च्या त्याच वेढ्याच्या वेळी तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर शिवाजी महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल लढत होता, हे किती जणांना सांगितलं जातं? आणि मलिक अंबर: इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा वजीर झालेला, खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवणारा, मोगलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुंजवणारा, १६२६ मध्ये वारला. पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळींपाशी थांबून बोलण्यासारखा माणूस आहे.

पण सावध. तुमची मुलगी सिद्दी आहे असं मी म्हणत नाहीये, आणि तुम्हीही म्हणू नका. कुरळे केस आणि गडद रंग भारतात अनेक समाजांत असतात. केसांवरून तिचं मूळ ठरवणं म्हणजे रस्त्यावरची माणसं जे करतात तेच आपण प्रेमाने करणं. लोक तिला ज्या नावाने हिणवतात त्यामागे खरी, सन्मानाने जगणारी माणसं आहेत, एवढं तिला कळू दे. तिला जांबूरला ‘दाखवायला’ नेऊन सिद्दींच्या ‘धमाल’ नावाच्या नृत्याबरोबर फोटो काढायची कल्पना कुणी सुचवली तर नकार द्या. तिला उत्सवातले नर्तक नको आहेत. तिच्यासारखे दिसणारे डॉक्टर, शिक्षिका, गरब्याच्या ग्रुपमधली कुणी ताई, अशी रोजच्या आयुष्यातली मोठी माणसं हवी आहेत. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत सगळे एकाच रंगाचे, एकाच आडनावांच्या घोळक्यातले असतील, तर बदल तुमच्या ओळखीपाळखीत करायचा आहे.

जन्माच्या घराबद्दल ती आज ना उद्या विचारेल. मुळाचा शोध घेण्याची सोय दत्तक नियमांत आहे. अठरा वर्षांवरची व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांबरोबर मिळून. जन्मदात्यांच्या गोपनीयतेचा हक्क मात्र राखला जातो, त्यामुळे सगळं कळेलच असं नाही. संस्थेकडून मिळालेला मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल कपाटात कुठे आहेत ते आत्ताच बघून ठेवा.

शाळेचं थोडक्यात. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगून थांबू नका. काय शब्द वापरला, कुणी, कधी, हे लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि शाळा काय करणार ते लेखी मागा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे, त्याचा उल्लेख करा. वर्गासमोर ‘सॉरी’ म्हणायला लावून हात मिळवायला लावणं नको म्हणून सांगा, ती शिक्षा तुमच्या मुलीलाच होते. स्नेहसंमेलनात गोऱ्या मुली भारतमाता आणि काळ्या मुली राक्षसीण, हे अजूनही चालतं, तेही विचारा. ‘वंशवृक्ष काढा’, ‘तान्हेपणीचा फोटो आणा’ असे गृहपाठ येतात, त्याला पर्याय ठेवा म्हणावं. आणि ती दत्तक आहे हे शाळेत कुणाला, किती सांगायचं ते आधी तिला विचारा. ती गोष्ट तिची आहे.

काही खुणा दिसल्या तर माझ्यासारख्याकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाकडे लवकर जा: वज्रीने हात-गाल घासणं, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, शाळेच्या दिवशी सकाळी पोटदुखी, जेवण कमी होणं, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं बोलणं. सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चालतो, मुलीला स्वतःला फोन करायचा असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८.

आता केस. अकराव्या वर्षी रासायनिक स्मूदनिंग करू नका. अशा अनेक उपचारांत गरम केल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. डोळे, घसा, श्वास यांना तो वाईट, आणि उगवणारे केस पुन्हा कुरळेच येतात, म्हणजे दर काही महिन्यांनी पुन्हा तेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला आपले केस सांभाळणं कुणी शिकवलेलंच नाही. तुमच्या घरातली तेल-वेणीची पद्धत सरळ केसांची आहे. घट्ट कुरळे केस कोरडे असताना विंचरले की तुटतात आणि ती रडते, म्हणून मग बॉयकट केला जातो. केस ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा. रोज धुवायचे नाहीत. झोपताना सॅटिनची उशी किंवा ओढणी. कॉलेजात शिकणारी एखादी आफ्रिकी मुलगी ओळखीतून भेटली तर बारीक वेण्या कशा घालायच्या ते ती तासाभरात दाखवेल, आणि तुमच्या मुलीला तिच्यासारखेच केस असलेल्या कुणाच्या तरी हातात डोकं द्यायला मिळेल. चेहऱ्यासाठी मैत्रिणींनी सुचवलेली ‘गोरं करणारी’ मलमं घरात येऊ देऊ नका. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं, त्वचा पातळ होते, केस उगवतात, मग महिनोन्महिने उपचार.

लग्नाच्या दिवशी तिला एक दिवसापुरते केस ड्रायरने सरळ करून घ्यायचे असतील तर करू द्या. सरळ केस हवेसे वाटणं हा गुन्हा नाही, तुमच्या घरातल्या बायकाही पार्लरमध्ये जाऊन कुरळे करून घेतातच. फक्त त्याआधी दोन-तीन आठवडे तिचे स्वतःचे केस नीट सांभाळून बघा आणि मग तिलाच निवडू द्या. पुण्याला पोचल्यावर काकू-मावश्यांच्या घोळक्यात पहिला अर्धा तास तुम्ही तिच्या जवळ राहा, आणि यजमानांनी आधीच फोन करून वधूच्या आईला सांगून ठेवावं की रंगावर, केसांवर, ‘कुणाची’ यावर बोलणं होऊ नये. फोटोग्राफरलाही सांगा. लग्नाच्या अल्बमात सगळ्यांचे चेहरे उजळवायची त्यांना सवय असते, आणि कुटुंबाच्या फोटोत एकट्या तिचाच रंग चार छटा उजळ केलेला तिने पुढे आयुष्यभर बघायचा. मूळ फोटो हवेत, हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या.